देवाला मामा नसतो

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मुलाणी, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा. अगदी मोकळेपणानं लिहा."

मी म्हणालो, "साहेब, लोकांनी मोकळेपणानं लिहिलेलं काढून टाकायला लावणं, हीच माझी नोकरी होती."

ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. हा लेख धाडण्याआधी मी तो दोनदा स्वतःच खोडला. मग बायकोला वाचायला दिला आणि तिचा चेहरा बघून आणखी एक परिच्छेद काढला. तुमच्या हातात आलाय तो उरलेला.

खातं कुठलं, कार्यालय कुठं, हे विचारू नका. पेन्शन चालू आहे. काही वर्षं साताऱ्याकडं काढली, काही सांगलीकडं, एवढं पुरे. आधी मी बिनतारी यंत्रावर होतो. 'ओव्हर, ओव्हर' म्हणून गळा बसवून घेतला. पुढं सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले, बिनतारीला कुणी विचारीना. तेवढ्यात वरून आदेश आला, की लोक मोबाईलवर काय लिहितात, त्यावर लक्ष ठेवायला एक कक्ष उघडा. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "मोठा फोन कुणाकडे आहे?" मी नुकताच हप्त्यावर घेतला होता आणि कुणी बघावा म्हणून तळमळत होतो. हात वर केला. माणसाचं नशीब असं कुठंही फिरतं. हौस म्हणून फोन घेतला आणि निवृत्त होईपर्यंत लोकांच्या शिव्या वाचत बसलो.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामाबद्दल फार गूढ वाटतं. गूढ काही नव्हतं. एक खोली, दोन संगणक, पाणी संपलेला कूलर आणि भिंतीवर एका पुढाऱ्याच्या शुभेच्छांचं कॅलेंडर. सकाळी आलं की वाचायला बसायचं. कुणी काय लिहिलं, कुणाचं चित्र टाकलं, कुणाच्या स्टेटसला कुठलं गाणं लावलंय. शंभरातल्या नव्वद माणसांनी सुप्रभात आणि फुलं टाकलेली असायची. इतकी फुलं बघितली, की आजही बागेत नेलं तर डोकं दुखतं.

उरलेल्यांत काही खरोखर वाईट असायचं. तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. एकदा एक व्हिडिओ फिरला, की मेंढरांमागं हिंडणाऱ्या बायका पोरं पळवतात. धडधडीत खोटं. पण कोकणच्या बाजूला एका गावात लोक काठ्या घेऊन निघाले होते. तो व्हिडिओ आम्ही दिवस मावळायच्या आत काढायला लावला, गावात माणसं धाडली, आणि चार बायका घरी गेल्या. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःसाठी भेळ घेतली. नोकरीत असे भेळेचे दिवस थोडे.

बाकीचं काम वेगळं होतं. कुणी रस्त्यातल्या खड्ड्यात गुलाबाचं रोप लावून आमदाराचं नाव लिहिलं. कुणी दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीला हार घातला. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण वरून फोन यायचा. वरून म्हणजे किती वरून, हे मला कधीच कळलं नाही. फोन करणाऱ्यालाही त्याच्या वरून आलेला असायचा. भाषा मोठी गोड. "काही नाही हो, वातावरण बिघडायला नको. बघा जरा."

आता 'बघा जरा' हे कायद्याच्या कुठल्या कलमात बसतं? कुठल्याच नाही. रीतसर मार्ग असा, की कंपनीला नोटीस द्यायची. मजकूर कुठला, तो कुठं आहे, कुणी टाकला, कुठल्या कलमाखाली काढावा, सगळं भरायचं. कंपनी परदेशातली, तिचं इकडं शहरात एक कार्यालय. ती एवढी मोठी, पण सरकारी नोटीस आली की फार वाद घालायची नाही. धंदा करायचाय, कशाला भांडा. मजकूर आपल्या देशापुरता गायब व्हायचा. तिकडं अमेरिकेत बसलेल्या माणसाला आमच्या आमदाराचा खड्डा दिसायचा, खड्ड्यात पडणाऱ्याला दिसायचा नाही.

पण खड्ड्याला कलम कुठून लावायचं? म्हणून मी माझी एक पद्धत काढली. तिला मी मामापद्धत म्हणायचो आणि तिचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

आपल्याकडं माणूस बापाचं ऐकत नाही. बापाशी त्याचं वाटणीवरून वाकडं असतं. भावाचं ऐकत नाही, ते तर उघडच आहे. पण मामाचं ऐकतो. मामा लग्नात मागं उभा राहिलेला असतो, त्याच्या अंगाखांद्यावर भाचा वाढलेला असतो, आणि मामाशी वाटणी नसते. तर कुणी काही लिहिलं, की मी त्याला फोन करायचोच नाही. गावात चार ठिकाणी विचारून त्याचा मामा शोधायचो आणि मामाला म्हणायचो, "नमस्कार. तुमचा भाचा हुशार हाय. नोकरीला लागायच्या वयाचा हाय. उगं नाव कुठं यायला नको."

धमकी नाही, कलम नाही, कागद नाही. संध्याकाळपर्यंत पोस्ट गेलेली असायची. कंपनीला नोटीस देऊन जे आठवड्यात होत नव्हतं, ते मामा चहा थंड व्हायच्या आत करायचा. साहेब खूश. दुसऱ्या जिल्ह्यातले लोक माझ्याकडं शिकायला यायचे. मी त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगायचो, की आधी आजोळ काढा.

ही पद्धत पहिल्यांदा साताऱ्यात अडली. एका निवृत्त सुभेदारांनी पाण्याच्या टँकरबद्दल लिहिलं होतं. टँकर कुणाच्या शेतात रिकामा होतो, फोटोसकट. मी मामा शोधायला निघालो. सुभेदारांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा मामा शोधायचा तर मला वर जायला लागलं असतं. शेवटी स्वतःच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसवलं, सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे काढू?"

"काढलं तर बरं होईल, सुभेदारसाहेब."

"ठीक आहे. हुकूम लेखी द्या."

"लेखी तसं काही नाही."

"मग हुकूम कुणाचा आहे?"

मी सरबत पीत राहिलो. ते म्हणाले, "मुलाणी, लेखी हुकूम आला तर मी उभ्याउभ्या काढतो. आयुष्यभर हुकूम पाळलाय. पण तोंडी आणि चोरून येतो, तो हुकूम नसतो, ती कुजबुज असते." शिवाय मी निघताना वाटेसाठी म्हणून मला दोन आंबे दिले. ती पोस्ट राहिली. टँकरही तिथंच रिकामा होत राहिला, ते वेगळं. पण मी त्या घरावरून जाताना मोटारसायकल जरा जोरात घ्यायला लागलो.

आता मुख्य गोष्ट. तिच्यात मी शहाणा ठरत नाही, ते आधीच सांगतो.

माझं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. आमचं घराणं मुलाण्याचं. जत्रेतल्या बकऱ्यावर सुरी फिरवायचा मान आमच्याकडं. त्यामुळं धनगरांच्या घरात आमचं जाणं-येणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. दसरा झाला की गावात बिरोबाची जत्रा भरते. ढोल आणि कैताळ वाजतात, भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात, आणि एका जाणत्या माणसाच्या अंगात देव येतो. तो पुढच्या वर्षाचं सांगतो. पाऊस कसा, पीक कसं, रोगराई कसली, राज्य कुणाचं. याला भाकणूक म्हणतात. मी ती वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलेली. तिचा एक कायदा आहे. देव कुणाची भीड ठेवत नाही. समोर सरपंच असो की आमदार, देव त्याच्या तोंडावर बोलतो आणि तो हात जोडून ऐकतो. आमच्या भागात असं बोलायची मुभा एवढ्या एकाच वेळी, एकाच तोंडाला.

आमच्याच गावच्या मायाप्पाचं मोबाईलवर एक पेज होतं. नाव 'मेंढरांची वाट'. मायाप्पा चाळिशीचा, दरसाल जत्रा झाली की मेंढरं घेऊन कोयनेच्या बाजूनं घाट उतरून कोकणात जाणारा. घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर फोन चार्ज करायला सौर पत्रा. हिंडणारी सगळी बिऱ्हाडं त्याचं पेज बघायची. कुठल्या गावात शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतोय, कुठल्या रानात औषध फवारलंय, कुठला घाट बंद आहे, कुणाचं कोकरू चुकलंय. ज्यांना घर नाही, पत्ता नाही, त्यांचा तो पत्ता होता. पोरं पळवायची अफवा उठली, तेव्हा पहिली खबर मला त्यानंच दिली होती.

त्या वर्षीच्या जत्रेत देव बोलला, आणि मायाप्पानं ते पेजवर टाकलं. बोलला ते असं:

"धरणी हालंल, पर घर पडणार न्हाई. पान्याची भिंत कुरकुरंल, पर पानी उंबरा वलांडणार न्हाई. गादीवरचा माणूस गादीखाली काय हाय ते बघंल."

व्हिडिओ टाकून मायाप्पा मेंढरं घेऊन निघून गेला. मग कुणा हुशार माणसानं तो कापला. 'पर'च्या पुढचं सगळं उडवलं. राहिलं काय, तर धरणी हालंल, पाण्याची भिंत कुरकुरंल. मागं धरणाचं चित्र लावलं, रडकं संगीत लावलं आणि सोडून दिलं.

कोयनानगरला जमीन हलणं नवीन नाही. तिथं भांडी वाजली तर लोक चहाचा कप हातानं धरतात आणि बोलणं पुढं चालू ठेवतात. तिथल्या वसाहतीतला एक ओळखीचा ऑपरेटर मला फोनवर म्हणाला, "आवं मुलाणी, हालतंय त्याला आमी भीत न्हाई. पर देवानं सांगून हालणार म्हटल्यावर बायकांनी गाठोडी बांधल्यात. माझी बी बांधलीया. त्यात माझे कपडे न्हाईत, तेवढं फक्त खटकलं."

दुपारी वरून फोन आला. साहेबांनी स्पीकरवर लावला. पलीकडचा आवाज धरण, अफवा, घबराट, असं सगळं बोलला. ते बरोबरच होतं. ठेवता ठेवता मात्र म्हणाला, "आणि ते गादीचं आहे ना, तेही जाईल ना त्यात?"

साहेब म्हणाले, "जाईल, जाईल."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कापलेल्या व्हिडिओत गादी नव्हतीच. गादी होती ती मायाप्पाच्या पेजवरच्या पुऱ्या व्हिडिओत. पण मी त्या वेळी हुशारीच्या झोकात होतो. मायाप्पाला फोन लावला, तो घाटात, रेंज नाही. हरकत नाही म्हटलं, मामा काढू. गावात फोन केला.

"मायाप्पाचा मामा कोण रं?"

"म्हंजे काय? आवं ज्यांच्या अंगात देव येतो, त्येच की. सिदूतात्या."

मला आनंद झाला. बोलणारा आणि मामा एकच. एका फोनात दोन कामं. सिदूतात्यांना फोन लावला. सत्तरीचा माणूस, माझ्या वडिलांचा दोस्त.

"तात्या, ते धरणाचं बोललाय, ते जरा काढून घ्यायला पायजे."

"म्या कुठं बोललो?"

"व्हिडिओत तुमीच हाय की."

"अंग माझं हाय. बोलला देव. तुला ठावं न्हाई व्हय? तुझ्या बापाच्या खांद्यावर बसून ऐकायचास."

"तात्या, ठावं हाय. पर तुमी एकडाव सांगा की, तसं म्हनायचं नव्हतं."

"देवाला काय म्हनायचं हुतं त्ये मी कसं सांगू? देवालाच इचार."

सगळी नोकरी मामांच्या जोरावर केली आणि इथं येऊन अडकलो. मामाला भाच्याची काळजी असते म्हणून मामा ऐकतो. देवाला कुणाची काळजी? देवाला मामा नसतो.

संध्याकाळपर्यंत काम व्हायला पाहिजे होतं. शेवटी रीतसर नोटीस भरायला बसलो. त्यात एक रकाना होता, मजकुराचा मूळ कर्ता. तो मी रिकामा ठेवला. साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "रकाना रिकामा नको. परत येतं. कर्ता कोण?"

"देव, साहेब."

"पूर्ण नाव?"

"बिरोबा."

"आडनाव?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पुण्याचे, वाईट माणूस नव्हते, दिवसभर फोन घेऊन दमलेले. म्हणाले, "जे काय असेल ते भरा, पण भरा." मी भरलं. कंपनीचं उत्तर तासाभरात आलं, की या नावाचं कोणतंही खातं आढळून आलं नाही.

वरून पुन्हा फोन. आता साहेबांचा आवाज चढलेला. मी घाईघाईत दुसरी नोटीस केली, कर्ता म्हणून मायाप्पाचं नाव घातलं, आणि जिथं त्या एका व्हिडिओचा पत्ता घालायचा असतो, तिथं अख्ख्या पेजचा पत्ता घातला. मुद्दाम नाही. दोन्ही दिसायला सारखेच असतात, एकाला शेपूट जरा लांब. मी शेपूट तोडलं. दिवे लागायच्या वेळेला 'मेंढरांची वाट' देशातून नाहीशी झाली.

आणि कापलेला व्हिडिओ? तो कुणाच्या पेजवर नव्हता, फोनाफोनांत होता. तो फिरत राहिला. घाबरलेल्या माणसाला ज्यानं धीर आला असता, तो 'पर'सकटचा व्हिडिओ मी काढून टाकला होता. गाठोडी आणखी काही दिवस तशीच राहिली.

पंधरवड्यानं मायाप्पा आला. मेंढरं भावाच्या हवाली करून, एसटीनं, खांद्यावर घोंगडं. कार्यालयासमोरच्या लिंबाखाली बसला. मी बाहेर गेलो. म्हटलं ओरडेल. ओरडला नाही.

"चाचा, पेज दिसंना झालंय. तुमच्याकडनंच झालं म्हनत्यात."

"चूक झाली गड्या. व्हिडिओ काढायचा हुता, पेज गेलं."

"बरं. मग परत लावा."

एवढं साधं. तोपर्यंत मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, की काढायला रकाने आहेत, परत लावायला नाहीत. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, नोटीस देणाऱ्या यंत्रणेनं ती मागं घ्यावी. साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "मागे घ्यायची म्हणजे चुकली असं लिहावं लागेल. आणि मग वरचे विचारतील, गादीचं परत आणलं कुणी? मुलाणी, थोडं थांबू या. आपोआप शांत होईल."

शांतच होतं की सगळं. पेज बंद, म्हणजे शांतच.

मायाप्पा अधूनमधून यायचा. यायचा की लिंबाखाली बसायचा. मी चहा घेऊन जायचो, तो प्यायचा. माझ्यावर त्याचा राग नव्हता, हेच मला जड जायचं. एकदा आला, तेव्हा त्यानं कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "दाजीची मेंढरं गेली. कराडच्या अलीकडं. फ्लावरच्या रानात सोडली. औषध मारलं हुतं. आदी तिथनं गेलेल्या बिऱ्हाडाला ठावं हुतं."

"मग सांगितलं न्हाई त्यांनी?"

"कुठं सांगायचं?"

मी माझ्या कपातला चहा लिंबाच्या मुळाशी ओतला. तो म्हणाला, "चाचा, मेलेलं मेंढरू परत येत न्हाई. पेज येतंय का, तेवढं सांगा. उन्हाळ्यात बिऱ्हाडं घाट चढून वर येत्याल. त्येच्या आत पायजे. आन्‌ बाकीची म्हनाय लागल्यात, मायाप्पानं सरकारला पेज इकलं. त्ये जरा लय लागतं मनाला."

त्या दिवशी घरी जेवताना मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. बायको म्हणाली, "काढून टाका की. तुम्हांला येतंय."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीचं जुनं उत्तर पुन्हा उघडलं. खाली उत्तर देणाऱ्याचं नाव होतं. इतक्या वर्षांत ते नाव मी कधी वाचलंच नव्हतं. मला वाटायचं, तिकडं यंत्रच बसलंय. नाव इंग्रजीत होतं, पण आडनाव आपल्याच बाजूचं. तासगाव-विट्याकडं त्या आडनावाची चार गावं आहेत. बिनतारीतला जुना माणूस मी, शोधायला बसलो. दोन दिवसांत आजोळ निघालं. मुलगा तिकडं काचेच्या इमारतीत, आणि त्याच्या मामाचं कवठे महांकाळच्या स्टँडसमोर कोल्ड्रिंकचं दुकान.

मी जाऊन लिंबूसोडा मागवला. मामाला सगळं सांगितलं, देवाच्या आडनावासकट. मामा पोट धरून हसला. मग मेंढरांचं सांगितलं, तेव्हा हसायचा थांबला. फोन लावून त्यानं माझ्यासमोर ठेवला.

"भाच्या, ते मेंढरांचं पेज तूच बंद केलंस व्हय?"

पलीकडून हळू आवाज आला. "मामा, ते असं फोनवर होत नसतं. प्रोसेस असते."

"बंद करताना कुणाचा तरी फोनच आला असंल की."

मामानं तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला सोड्याची बाटली फोडून दिली.

"तुझी आजी मेंढरांच्या दुधावर वाढली," मामा म्हणाला. "तुला ठावं न्हाई, कारण तू पुण्यात वाढलास."

"मामा, लिंक पाठवा."

आठवड्याभरात पेज परत आलं. कंपनीनं कळवलं, तांत्रिक कारणानं चुकून बंद झालं होतं. साहेबांना हे उत्तर इतकं आवडलं, की त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. चूक कुणाचीच नव्हती. तंत्राची होती. बिऱ्हाडं घाट चढायच्या आत वाट उघडली. मीही स्वतःला शाबासकी दिली. भेळ घेतली नाही, पण घ्यावी असं वाटलं खरं.

मग पेज उघडून बघितलं. जुनं सगळं होतं, भाकणूक तेवढी नव्हती. मायाप्पाला फोन केला.

"ती कंपनीनं ठेवली न्हाई का तू काढलीस?"

"मीच काढली, चाचा. आता निस्ती मेंढरं टाकतो. रान, पानी, औषध. बाकी नको."

"देवाचं टाकायला कुणाची बंदी न्हाई रं."

"तुमी म्हनताय ते खरं. पर कशाला."

हे 'पर कशाला' मी आयुष्यभर शेकडो मामांच्या तोंडून ऐकलं होतं. ऐकलं की काम झालं असं समजायचं. त्या दिवशी ऐकलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ कूलरकडं बघत बसलो. कूलर बंद होता.

पावसाळ्यात मी निवृत्त झालो. निरोप समारंभात मला शाल दिली आणि माझ्या मामापद्धतीचं भाषणात कौतुक झालं. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना वाटलं, विनय.

दसऱ्यानंतर जत्रेला गावी गेलो. ढोल वाजले, भंडारा उधळला, सिदूतात्यांच्या अंगात देव आला. पुढं आमदार बसले होते, मागं मी बायकामाणसांच्या कडेला उभा. शेजारी हौसाक्का होत्या, मायाप्पाची चुलती, तोंडात दात नाहीत पण आवाज खणखणीत. सगळ्यांनी कान दिले. पोरांनी फोन वर केले, तर कुणीतरी मागून दबक्या आवाजात म्हणालं, "फोन खाली घ्या रं." फोन खाली गेले.

देव बोलला. पाऊस बरा होईल. काही ठिकाणी होईल, काही ठिकाणी होणार नाही. ज्वारी मध्यम. लेकरांना सांभाळा. सगळ्यांचं भलं होईल.

आम्ही वाट बघत उभे राहिलो. गादीचं येईल, राज्याचं येईल, कुणाच्या तरी तोंडावर काही येईल. ढोल थांबले. संपलं होतं. आमदारांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या. भाकणुकीला टाळ्या वाजवायच्या नसतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

हौसाक्का भंडारा झटकत म्हणाल्या, "औंदा देवालाबी फोन आला वाटतं."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मग हौसाक्कांची नजर माझ्यावर पडली.

"व्हय वं मुलाणी, तुमीच केलासा का?"

"न्हाई आक्का. मी आता रिटायर झालोय."

त्यांनी पदराला बोटं पुसली. "मग कुणी केला?"

मी खिशातला फोन चाचपला, का ते माहीत नाही. सिदूतात्या तिकडं घोंगड्यावर बसून पाणी पीत होते. माझ्याकडं बघून त्यांनी ओळखीची मान हलवली, अगदी भाच्याची काळजी असलेल्या मामासारखी.